मूत्रपिंडाचा रोगी आणि ताटातले मांस



मूत्रपिंडाचा विकार ही आता क्वचित कानी येणारी गोष्ट राहिलेली नाही. मधुमेह आणि वाढता रक्तदाब ही दोन दुखणी आपल्या घरांत वस्तीला आली आणि त्यांचे बोट धरून हे तिसरेही आले. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढल्याचे कळले, की पुष्कळ घरांत त्याच संध्याकाळी एक ठराव बिनविरोध संमत होतो : आजपासून याला वशाट बंद. मटण गेले, मासळी गेली, अंडेही गेले. ठराव मांडणारा कधी डॉक्टर असतो, कधी शेजारी, तर कधी असाच दुसरा रोगी नुकताच पाहून आलेला एखादा मामा. त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे निर्णय बरोबर असतोच, असे नव्हे.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजले नाही, त्या घराला हा प्रश्न पडत नाही. पण महाराष्ट्रातील आणि गोव्यातील फार मोठी वस्ती सामिष अन्नावर वाढलेली आहे. किनाऱ्यावर मासळीवाचून भात गिळवत नाही, आणि देशावर पाहुणा आला की चुलीवर काय चढणार हे वेगळे विचारावे लागत नाही. उपदेश करणारा आणि ऐकणारा यांची स्वयंपाकघरे निराळी असली, की पथ्याच्या जागी नकळत सोवळे येऊन बसते. मांस वैद्यकीय कारणाने वर्ज्य सांगितले की उपदेशकाच्या आवडीनिवडीमुळे, हे मग रोग्याला कळेनासे होते. म्हणून आज या विषयाकडे केवळ शरीरशास्त्राच्या नजरेने पाहू.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मूत्रपिंडाच्या रोग्याने मांस खावे की न खावे, असा प्रश्नच चुकीचा आहे. खरे प्रश्न चार आहेत : किती खावे, कोणते खावे, कसे शिजवून खावे, आणि रोगाच्या कोणत्या पायरीवर खावे. यांतला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच सर्वांत कमी विचारला जातो.

गाळणीचे काम

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दर मिनिटाला लिटरभर रक्त यांतून फिरते आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले जवळजवळ सगळे परत शोषून घेतले जाते आणि दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर पडते. नको ते टाकणे आणि हवे ते राखणे हा व्यवहार रात्रंदिवस चालू असतो.

आता अन्नाकडे वळू. भात-भाकरीतले पिष्ट आणि तेलातुपातले स्निग्ध पदार्थ शरीरात जळले, की मागे कर्बवायू व पाणी उरते. कर्बवायू श्वासावाटे जातो. प्रथिनांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत नत्र असतो. शरीराची झीज भरून काढण्याचे काम झाले, की हा नत्र यकृतात युरियाच्या रूपाने बांधला जातो आणि तो बाहेर टाकण्याची जबाबदारी मूत्रपिंडावर येते. हिशेब ढोबळमानाने असा, की एक ग्रॅम प्रथिनामागे सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम युरिया. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना २० ग्रॅमच्या आसपास युरिया बाहेर काढावा लागतो. त्याबरोबर प्रथिनांतल्या गंधकापासून होणारे आम्ल, फॉस्फरस आणि पोटॅशियम हेही असतात. गाळण्या कमी झाल्या की हा सारा माल रक्तात तुंबू लागतो. फॉस्फरस साठला तर हाडे ठिसूळ होतात व रक्तवाहिन्या कठीण होतात. पोटॅशियम बेसुमार वाढले तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतते.

एक गोष्ट मात्र येथेच नीट ध्यानात ठेवावी. युरियाच्या कणावर तो बोकडापासून आला की तुरीपासून, याची कसलीही खूण नसते. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शंभर ग्रॅम कच्च्या, हाड नसलेल्या मटणात किंवा कोंबडीत १८ ते २१ ग्रॅम असतात. मटण बंद केले आणि डाळ, उसळ, पनीर यांची वाटी दुप्पट केली, तर प्रथिनांच्या हिशेबात मूत्रपिंडाला कसलीच सुटी मिळाली नाही.

आरोप कसा आला

मांसावरचा हा आरोप अगदीच निराधार आहे, असे मात्र समजू नये. लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली अंगावरची सूज, लघवीतून जाणारे प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचे नाते दाखवून दिले, तेव्हापासून आहाराचा विचार या रोगाशी जोडला गेला. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या वॉल्टर केंपनर यांनी अतिशय वाढलेला रक्तदाब व मूत्रपिंडविकार असलेल्या रोग्यांना भात, फळे आणि साखर एवढ्यावरच ठेवून पाहिले. त्यांच्या आहारात मांस नव्हते, पण मीठही जवळजवळ नव्हते, हे पुष्कळदा विसरले जाते.

इटलीत १९६३ साली जिओर्दानो यांनी आणि १९६४ साली जिओव्हानेत्ती व माज्जोरे यांनी अगदी अल्प प्रथिनांचा आहार रचला. दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने देऊन ते रोग्याची मळमळ, उलटी आणि ग्लानी कमी करीत. डायलिसिसची यंत्रे तेव्हा सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयत्नाचे मोल कळते. जिओव्हानेत्तींच्या त्या आहाराची एक विशेष गोष्ट अशी, की तुटपुंजी प्रथिने द्यायची तर ती शरीराला पुरेपूर उपयोगी पडणारी हवीत, म्हणून त्यात अंड्याला मानाचे स्थान होते. थोडक्यात, पथ्य जेव्हा सर्वांत कडक होते, तेव्हाही प्राणिज अन्न ताटातून हद्दपार झाले नव्हते.

१९८२ साली ब्रेनर, मेयर व होस्टेटर या अमेरिकन संशोधकांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. भरपूर प्रथिनांचे, विशेषतः मांसाचे जेवण झाले की मूत्रपिंडे काही तास नेहमीपेक्षा वेगाने गाळू लागतात. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याच्या निम्म्या गाळण्या आधीच गेल्या आहेत, त्याच्या उरलेल्या गाळण्यांवर हा दाब रोज पडत राहिला तर त्याही लवकर झिजतात. चार बैलांचे ओझे दोघांवर घालावे, तसा हा प्रकार. हा विचार पुष्कळ अंशी मान्य झाला. मात्र १९९४ साली अमेरिकेत ८४० रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रथिने कमी केल्याचा फायदा अपेक्षेएवढा ठळक दिसला नाही. रक्तदाबावरचा ताबा आणि मधुमेहाची शिस्त यांना बाजूला सारून केवळ मांसबंदीने मूत्रपिंड वाचते, असे कोणी मानत असेल तर त्याला या चाचणीचा आधार मिळत नाही.

मांसामांसांत फरक आहे काय? आहे, असे दिसते. सिंगापूरमधील ६३,००० हून अधिक चिनी स्त्रीपुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल मांस, तेही तेथे प्रामुख्याने डुकराचे, सर्वाधिक खाणाऱ्यांत मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. कोंबडी आणि मासळी खाणाऱ्यांत तसे आढळले नाही. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, तथापि रोज मटण खाण्यापेक्षा मासळी व कोंबडी बरी, एवढा बोध घ्यायला हरकत नाही.

मापाचा प्रश्न

मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली सलग तीन महिने राहिला, तर त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. पंधराच्या खाली गेला, तर मूत्रपिंडे निकामी झाली असे धरतात. या दोन आकड्यांच्या मधल्या वाटेवर, म्हणजे डायलिसिस लागण्यापूर्वी, प्रथिने मापून खावीत असा सल्ला असतो. 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ साली दिलेले माप आहे शरीराच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८ ग्रॅम. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२० साली मधुमेह नसलेल्या स्थिर प्रकृतीच्या रोग्यांसाठी, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ०.५५ ते ०.६० ग्रॅमपर्यंत खाली जाण्यास मुभा दिली. वाढत्या वयाची मुले आणि अशक्त, सुकत चाललेले वृद्ध यांना हे कडक माप लावू नये.

आता साठ किलो वजनाचा एक गृहस्थ घेऊ. दर किलोला ०.८ ग्रॅम म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम प्रथिने. दोन ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, तर त्यांतून सुमारे दहा ग्रॅम आली. दोन पोळ्यांतून सहा. दोन वाट्या भातातून सहा. वाटीभर वरणातून सहा. भाजीतून तीन-चार. चहातले दूध आणि वाटीभर दही मिळून सहा. बेरीज झाली ३७-३८ ग्रॅम. हाताशी उरली दहा ग्रॅम. तेवढ्यात पन्नास ग्रॅम कच्चे, हाड नसलेले मटण, किंवा तितक्याच वजनाचा माशाचा तुकडा बसतो. त्या दिवशी वरणाची वाटी बाजूला ठेवली, तर माप ऐंशी ग्रॅमपर्यंत जाते. ते न बसल्यास दीड अंडे बसते.

याला मी अदलाबदलीचा हिशेब म्हणतो. रविवारी मटण खायचे तर त्या दिवशी उसळ नको, पनीर नको, दही बेताचे. मटण नेहमीच्या जेवणाच्या वर ठेवायचे नसून कशाच्या तरी जागी ठेवायचे असते. आपल्याकडे चूक होते ती नेमकी येथे. सहा दिवस मांसाचे नाव नाही आणि सातव्या दिवशी अर्धा किलो एका बैठकीत. 'आठवड्यातून एकदाच तर खातो,' हे समर्थन युरियाला पटत नाही.

आणखी एक व्यावहारिक सूचना. मांसात क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो आणि शिजवताना त्यातल्या काही भागाचे क्रिएटिनिन होते. रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त दिले, तर आकडा काहीसा वाढलेला दिसतो आणि रोग एकाएकी बळावला, असे वाटून घरात घबराट उडते. तपासणीच्या आदल्या दिवशी मांस टाळावे, म्हणजे आकडा खरा येईल.

प्रथिने कमी करताना पोट मात्र कमी करायचे नाही. भात, भाकरी, साबुदाणा, तेल यांतून पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते. त्या स्नायूंचाही युरियाच होतो. म्हणजे ताटातली प्रथिने वाचवली आणि अंगावरची गेली. आगीतून निघून फुफाट्यात, म्हणतात ते हेच.

चोर सोडून संन्याशाला सुळी

मांस बंद झालेल्या घरांतील ताटाकडे जरा बारकाईने पाहा. ताटात मटण नाही, पण लोणचे आहे. मासा नाही, पण पापड आहे, चटणी आहे, सांडगी मिरची आहे, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याला दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापलीकडे जाऊ नये असे सांगतात. त्यात स्वयंपाकातले, लोणच्यातले आणि बाजारच्या खाऊतले, असे सगळे मीठ आले. आपल्याकडे सर्वसाधारण माणूस याच्या दुपटीच्या आसपास मीठ खातो. मिठाने रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते आणि लघवीतून प्रथिन अधिक जाते. ज्या चोराने घर लुटले तो पानात उजळ माथ्याने बसलेला असतो, आणि सुळी जाते ती बिचारी सुरमईची तुकडी.

सुरमईचीच गोष्ट पुढे नेऊ. ताजी सुरमई निराळी आणि मीठ लावून वाळवलेला खारा बांगडा निराळा. पहिली मापात बसते. दुसरा पथ्यात कोणत्याच मापाने बसत नाही. बोंबील पुष्कळदा मिठावाचून केवळ उन्हात वाळवतात हे खरे, पण वाळवल्यावर पाणी उडते आणि बाकी सारे घट्ट होऊन मागे राहते. त्यातून जवळा, सुकट, मांदेली हे जिन्नस आपण काटा-कवचासकट चावून खातो, आणि हाडाकाट्यात फॉस्फरस असतो. म्हणून सुक्या मासळीपेक्षा ताज्या पापलेटाचा, रावसाचा तुकडा केव्हाही श्रेयस्कर.

फॉस्फरसबद्दल आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे समजुती अगदी उलट्या आहेत. धान्ये व डाळी यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात जखडलेला असतो आणि निम्म्याहून कमीच आतड्यातून आत जातो. मांसातला त्याहून अधिक जातो. परंतु डबाबंद आणि गोठवलेल्या मांसात, सॉसेज, सलामी, नगेट्स अशा पदार्थांत टिकाऊपणासाठी व पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटचे क्षार मिसळतात. ते जवळजवळ संपूर्ण शोषले जातात. गावच्या खाटकाकडचे ताजे मांस आणि पाकिटातला हा माल यांना एका मापाने मोजणे म्हणजे ताक आणि चुन्याची निवळी एकाच पेल्यात ओतणे होय. २०११ साली अमेरिकेत नऊ रोग्यांवर एक छोटासा पण काळजीपूर्वक प्रयोग झाला. एक आठवडा शाकाहार आणि एक आठवडा मांसाहार, दोन्हींत प्रथिने व फॉस्फरस सारखेच. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातले फॉस्फरस कमी भरले. याचा अर्थ शाकाहाराला काही जमेची बाजू आहे, आणि ती मोकळ्या मनाने मान्य करावी.

पण शाकाहार म्हणजे दूध-पनीर नव्हे, हेही तितकेच खरे. एक ग्रॅम प्रथिन मिळवताना कोंबडीतून जेवढा फॉस्फरस पोटात जातो, त्याच्या सुमारे तिप्पट दुधातून जातो. कोंबडी बंद करून 'ताकद यावी' म्हणून रोग्याला सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध देणाऱ्या माउलीला हे कोणी सांगितलेलेच नसते. सर्वांत निर्धोक आहे अंड्याचा पांढरा भाग. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम उत्तम प्रथिन असते आणि फॉस्फरस नाममात्र. तो बहुतेक सारा पिवळ्यात असतो.

कलेजी, गुर्दे, मेंदू हे अवयव मात्र टाळावेत. त्यांत फॉस्फरस आणि युरिक आम्ल निर्माण करणारी द्रव्ये भरपूर असतात. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व फार असते, आणि अशक्त मूत्रपिंडांच्या रोग्यात ते साठत जाते. गुर्दा खाल्ल्याने गुर्दा सुधारतो, ही समजूत कोणत्याही कसोटीला उतरलेली नाही. रोहू-कटला जातीच्या माशांचे पित्ताशय औषध म्हणून कच्चे गिळण्याचा प्रकार तर जीवघेणा आहे. त्यातल्या विषाने धडधाकट माणसाची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत बंद पडल्याची उदाहरणे आपल्या देशात वैद्यकीय नोंदींत आहेत.

रस्सा कोणाला, फोड कोणाला

आता स्वयंपाकघरात शिरू. आपल्याकडे रीत अशी, की धडधाकटाने फोडी खाव्यात आणि आजाऱ्याला वरचा रस्सा किंवा पायाचे सूप द्यावे. कोल्हापूरकडे मटण शिजवलेल्या पाण्याला अळणी म्हणतात आणि बाळंतिणीपासून आजाऱ्यापर्यंत सर्वांना ते प्रेमाने पाजतात. तापातून उठलेल्याला ही रीत योग्यच आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या बाबतीत मात्र ती उलटी करावी लागते. मांस पाण्यात उकळले, की पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचा लक्षणीय भाग पाण्यात उतरतो, आणि प्रथिने बहुतांशी फोडीतच राहतात. म्हणजे अळणीत त्याला नको ते आले आणि फोडीत हवे ते राहिले. आजाऱ्याला फोड आणि बाकीच्यांना रस्सा, असा पंक्तिभेद येथे शास्त्रसंमत आहे.

कृती अवघड नाही. मांस लहान तुकड्यांत चिरावे. भरपूर पाण्यात, मीठ न घालता, दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळावे. ते पाणी काढून घ्यावे, घरातल्या इतरांनी त्याचा खुशाल रस्सा करावा. रोग्याच्या वाटणीचे तुकडे नव्या पाण्यात मऊ शिजवून कांदा, आले, लसूण, मिरे, दालचिनी, धने यांच्या फोडणीत परतावेत. कांदालसूण चांगला खरपूस परतला, की मीठ कमी असल्याचे जिभेला तितकेसे जाणवत नाही. वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. सुके खोबरे, खसखस आणि नारळाचे दाट दूध यांचा हात आखडता घ्यावा, कारण पोटॅशियम व फॉस्फरस मागच्या दाराने तेथूनच शिरतात. मासळीच्या कालवणात आंबटपणासाठी काही ठिकाणी कमरख किंवा बिलिंबी घालतात. ज्याच्या फळाची चकती चांदणीसारखी दिसते, ते कमरख मूत्रपिंडाच्या रोग्याला साक्षात विष आहे. त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. बिलिंबीतले ऑक्झॅलेटही मूत्रपिंडाला घातक. त्यापेक्षा एखाद-दुसरे आमसूल बरे.

बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते आणि सुशिक्षित घरांत ते मोठ्या विश्वासाने आणले जाते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. निरोगी माणसाला ते हितकर असेल, पण मूत्रपिंडाच्या रोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

यंत्राला लागल्यावर

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येतो. याच्यासाठीच मी आपला एवढा वेळ घेतला.

रोग वाढत जाऊन डायलिसिस सुरू झाले, की आहाराचे गणित रातोरात पालटते. कालपर्यंत जे कमी करायचे होते, ते आजपासून वाढवायचे असते. यंत्र रक्तातला युरिया काढते, पण त्याबरोबर प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही वाहून जातात. एका बैठकीत सहा ते बारा ग्रॅम. पोटातून करायच्या डायलिसिसमध्ये तर रोज पाच ते पंधरा ग्रॅम प्रथिन बाहेर पडते. म्हणून अशा रोग्याला दर किलोला १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या साठ किलोच्या गृहस्थाला आता ४८ नव्हे, ६० ते ७२ ग्रॅम हवीत. एवढी प्रथिने केवळ डाळी-उसळींतून आणायची तर पोटॅशियम वाढते, दुधातून आणायची तर फॉस्फरस आणि पाणी वाढते. अंड्याचा पांढरा भाग, मासळी आणि कोंबडी यांच्याकडे वळावे लागते ते येथे. शाकाहारी रोग्यालाही मापून डाळ, सोयाबीन, बेताचे पनीर आणि फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या यांच्या साहाय्याने हा पल्ला गाठता येतो. मात्र त्याला आहारतज्ज्ञाची साथ अधिक लागते.

पण घरात घडते काय? मांसबंदीचा तो जुना ठराव रद्द करण्याचे कोणाच्या ध्यानीच येत नाही. तीन वर्षांपूर्वी घातलेले पथ्य यंत्राला लागल्यावरही तसेच चालू राहते. आधीच अन्नावरची वासना गेलेली, तोंडाला चव नाही, त्यात ताटात अळणी भात आणि दुधीची भाजी. रोगी सुकत जातो. दंड काठीसारखे होतात, पायांवर सूज चढते, आणि त्या सुजेमुळे वजन मात्र तेवढेच दिसते. घरच्यांना वाटते, रोगच असा आहे. रोग असा आहे हे खरे, पण त्यात उपासमारीचाही वाटा आहे. १९९० साली अमेरिकेत डायलिसिसवरील १२,००० हून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. अल्ब्युमिन अंगातल्या दाहानेही घटते, एकट्या अन्नाला दोष देता येणार नाही. तरीही ताटात पुरेसे प्रथिन नसेल, तर ते भरून निघण्याची आशाच उरत नाही.

केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सोय मिळू लागली. यंत्र गावाजवळ आले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु यंत्राबरोबर कसे जेवावे, हे सांगणारे माणूस प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास खाटेवर पडून राहणाऱ्या, भाड्याला पैसे जोडून येणाऱ्या माणसाला, 'तुला आता अंड्याचा पांढरा भाग रोज खायचा आहे, आणि मासा खायला हरकत नाही,' एवढे एक वाक्य वेळेवर सांगणे, हे औषधाइतकेच मोलाचे काम आहे. चार अंड्यांच्या पांढऱ्यातून चौदा ग्रॅम प्रथिन मिळते. महागड्या डब्यातल्या भुकटीपेक्षा हे स्वस्त, आणि कोणत्याही गावात मिळणारे.

ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे, त्याचे माप पुन्हा निराळे, आणि ते त्याचे डॉक्टर ठरवतील. त्याने एवढे पाळावे, की अर्धेकच्चे मांस, कच्चे अंडे किंवा शिळे कालवण तोंडी लावू नये. शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते.

मघाच्या चार प्रश्नांची उत्तरे आता एकत्र सांगतो. किती? डायलिसिसपूर्वी मापून आणि अदलाबदलीने, तळहाताच्या मध्यावर मावेल एवढा तुकडा. डायलिसिसवर असताना त्याच्या दुप्पट-अडीचपट, न चुकता. कोणते? ताजी मासळी, कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, आणि क्वचित मटण. खारवलेले, पाकिटातले व अवयवांचे नको. कसे? उकळून, पाणी काढून, मीठ आखडते घेऊन, रस्सा दुसऱ्याला देऊन. आणि कोणत्या पायरीवर? हा प्रश्न प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना नव्याने विचारायचा, कारण रोगाबरोबर पथ्यही बदलते. आकडे ज्याचे त्याचे निराळे असतात. मी सांगितलेले माप घेऊन कोणी परस्पर आपला आहार ठरवू नये. हे प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जावे.

पथ्य हे रोग्याला जगवण्यासाठी असते. ज्याला आयुष्यभर भाताबरोबर माशाचे कालवण लागले, त्याच्या ताटात मापाने का होईना पण ते दिसले, तर तो घासभर भात अधिक खाईल, आणि या रोगात घासभर अधिक खाण्याला फार किंमत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याच्या पथ्याचा कागद एकदा काढून पाहावा. त्यावरची तारीख जुनी असेल, तर तो घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे, एवढीच माझी विनंती आहे.